ठोका कुणाचा, नाव कुणाचे?

१४ एप्रिलच्या मिरवणुकीत वाजणाऱ्या डीजेविषयी आपल्याकडे दोन तऱ्हांनी बोलले जाते. एक तऱ्हा पोलीस चौकीची: किती डेसिबल, किती वाजेपर्यंत, गुन्हा कुणावर. दुसरी आपल्यातल्याच शिकलेल्या माणसांची: वामनदादांचे शब्द बुडाले, जलशाची परंपरा संपली, पोरे नाचण्यात वाया गेली. या दोन्ही बोलण्यांत एक गोष्ट समान आहे. ज्या संगीताविषयी ते चालले आहे ते कान देऊन ऐकण्याची तसदी बहुधा दोघांनीही घेतलेली नसते. ते कसे तयार होते, कुठून आले, त्यात जुने किती नि नवे किती, ते करणारा पोरगा कोण, याची विचारपूस न करताच निकाल लागलेला असतो. चौकशीआधी निकाल ही रीत आपल्या समाजाला अनोळखी नाही. निदान आपण तरी ती दुसऱ्यावर चालवू नये.

भिवंडीतील कामतघर हा या चौकशीसाठी योग्य मुलूख आहे. वऱ्हाळदेवी तलावाच्या आसपास यंत्रमागांचे कारखाने, चाळी, इमारती आणि जुने आगरी गाव एकमेकांना खेटून उभे आहेत. मूळचे आगरी, देशावरून पोटासाठी आलेले आपले लोक, तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर, उत्तरेकडून आलेले मागवाले असे नाना जातींचे, नाना भाषांचे श्रमजीवी येथे एकत्र राहतात. या साऱ्यांना एकत्र आणणारी जी थोडी वाद्ये आहेत त्यांत डीजे एक आहे. आगऱ्यांच्या हळदीला तोच, गणपतीला तोच आणि भीमजयंतीलाही तोच. हळदीत धवलारीण म्हणत असलेले धवले मागे पडून त्यांच्या जागी तो आला, तसा आपल्याकडे बेंजो पार्टीच्या आणि ब्रास बँडच्या जागी आला.

प्रथम शब्दाचा उलगडा करू. इंग्रजीत डीजे म्हणजे तबकड्या वाजवणारा माणूस. आपल्याकडे डीजे म्हणजे सबंध सरंजाम: टेम्पो किंवा ट्रक, त्यावर रचलेले भोंग्यांचे खोके, अँप्लिफायर, जनरेटर आणि दिवे. खोके दोन जातींचे. खालच्या सुरांचे ते ‘बेस’, वरच्या सुरांचे ते ‘टॉप’. ‘चार बेस चार टॉप’ असे कुणी म्हटले की जाणकाराला आवाजाचा अंदाज येतो. या सरंजामामागे दोन निरनिराळे कलावंत असतात. एक साऊंडचा मालक नि त्याचे मदतनीस. दुसरा, घरी संगणकावर बसून गाण्याचा ‘मिक्स’ तयार करणारा. बहुतेक वेळा तो वीस-बावीस वर्षांचा मुलगा असतो आणि संगीताच्या कोणत्याही वर्गात तो गेलेला नसतो.

हा मुलगा नेमके काय करतो? तो एखादे जुने भीमगीत घेतो आणि गायकाच्या आवाजाखाली मिनिटाला ठराविक गतीने पडणारा सरळ ठोका घालतो. मग त्यावर हलगी चढवतो. ही हलगी कधी प्रत्यक्ष वाजवून ध्वनिमुद्रित केलेली, कधी संगणकात तयार मिळणारी असते. यालाच ‘हलगी मिक्स’ म्हणतात. याहून कडक प्रकार म्हणजे ‘साऊंड चेक’. मुळात भोंगे तपासण्यासाठी वाजवायचा हा तुकडा. त्याचा आता स्वतंत्र संगीतप्रकार झाला आहे. त्यात गाणे जवळपास नसतेच. भोंगा, सायरन, एखादे दमदार वाक्य, मग क्षणभर पूर्ण शांतता, आणि त्या शांततेवर छातीत धडकणारा बेस. दोन साऊंड समोरासमोर आले की याच तुकड्यांची चुरस लागते. कोणत्या साऊंडचा बेस स्वच्छ, कुणाचा फाटतो, कोणता मिक्स कुणी केला, यावर पोरे तासन्‌तास वाद घालतात. आवडत्या साऊंडमागे गावोगाव जाणारी, मोबाइलवर चित्रण करून ठेवणारी मंडळी आहेत. त्यांना आपण टवाळ म्हणतो. गवयामागे फिरणाऱ्याला मात्र रसिक म्हणण्याची चाल आहे. हा शब्दांचा भेद कोठून आला हे अस्मितेचा विचार करणाऱ्या वाचकाला सांगावे लागू नये.

आता या सरळ, न थांबणाऱ्या ठोक्याचे कुळ पाहू. ‘हे पाश्चात्त्य थेर’ असे सहज म्हटले जाते. पाश्चात्त्य खरे, पण कोणत्या पश्चिमेचे? अमेरिकेतील शिकागो शहरात ‘वेअरहाऊस’ नावाचा एक क्लब होता. तेथे १९७७ पासून फ्रँकी नकल्स हा काळा तरुण तबकड्या वाजवी, आणि नाचायला येणारे बहुतांशी काळे नि लॅटिन वंशाचे, समाजाने दूर ठेवलेले लोक असत. त्या क्लबाच्या नावावरूनच ‘हाऊस’ या संगीताचे नाव पडले. मोटारींचे कारखाने बंद पडत चाललेल्या डेट्रॉइट शहराच्या परिसरात हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केविन सॉन्डरसन या काळ्या मित्रांनी ऐंशीच्या दशकात ‘टेक्नो’ घडवले. ज्यांच्या चळवळीचे नाव १९७२ साली दलित पँथरने आपलेसे केले, त्यांच्याच वस्त्यांतून आलेला हा ठोका आहे. तेव्हा तो परका म्हणून नाकारण्यापूर्वी जरा थांबणे बरे.

आणि ती वाद्ये? ती जपानची. रोलँड या जपानी कंपनीने १९८० साली टीआर-८०८ हे ताल देणारे यंत्र काढले, आणि पाठोपाठ टीबी-३०३ हे खर्जाची साथ करणारे छोटे यंत्र बाजारात आणले. एकट्या गिटारवाल्याला साथ मिळावी हा त्याचा हेतू. धंद्याच्या दृष्टीने ३०३ फसले; १९८४ पर्यंत त्याचे उत्पादन बंदही झाले. जुन्या मालाच्या दुकानांत ती यंत्रे स्वस्तात पडून राहिली. शिकागोच्या पोरांनी ती उचलली, त्यांच्या खुंट्या बनवणाऱ्याने कल्पिले नसेल अशा पिळल्या, आणि त्यातून जो वळवळणारा, तीक्ष्ण आवाज निघाला त्यावर १९८७ साली फ्युचर या गटाची तबकडी निघाली. ‘अ‍ॅसिड हाऊस’ हा प्रकार त्यातून रूढ झाला. टाकून दिलेल्या वस्तूतून नवे घडवणे ही कला जगभरच्या वंचितांना सारखीच अवगत असावी.

या कथेत मुंबईचेही एक पान आहे. चित्रपटसंगीतात वादक म्हणून काम करणाऱ्या चरणजित सिंग यांनी याच दोन यंत्रांवर, डिस्कोच्या ठोक्यावर, दहा राग बसवून १९८२ साली एक तबकडी केली. म्हणजे शिकागोच्या त्या तबकडीच्या पाच वर्षे आधी. तिची येथे कुणी दखल घेतली नाही. पुढे एका डच संग्राहकाला ती भारतातच जुन्या तबकड्यांत सापडली, २०१० साली त्याने ती पुन्हा प्रसिद्ध केली, आणि मग जगाने कौतुक केले. चरणजित सिंग २०१५ साली मुंबईत वारले. काम येथे झाले, पण त्याची नोंद ठेवणारा माणूस येथे नव्हता. माझ्या विवेचनाचा रोख याच मुद्द्याकडे आहे.

हाऊसचा ठोका युरोपात गेला आणि अधिकाधिक कडक होत गेला. नव्वदच्या दशकाच्या आरंभी हॉलंडमधल्या रॉटरडॅम या बंदराच्या शहरात ‘गॅबर’ नावाचा प्रकार निघाला. हाऊस मिनिटाला साधारण १२० ते १३० ठोक्यांचे. गॅबर १६० च्या पुढे, कधी २०० च्या घरात. हे संगीत जपानात पोचले तेव्हा तेथील तरुणांनी त्याला आपले रूप दिले. चित्रकथांतील पात्रांचे आवाज, व्हिडिओ खेळांतील धून त्यात मिसळली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस डीजे शार्पनेल यांच्यासारख्यांनी रुळवलेल्या या प्रकाराला ‘जे-कोअर’ म्हणू लागले. जपानातही हे संगीत बहुसंख्यांना ठाऊक नसते. रेडिओ त्याला विचारत नाही, मोठ्या कंपन्या विचारत नाहीत. तरीही ते पाव शतकाहून अधिक काळ टिकून आहे. हे कसे घडले याचे उत्तर आपल्याला उपयोगी पडणारे आहे.

टोकियोत १९९८ पासून वर्षातून दोनदा ‘एम-३’ नावाचा संगीताचा बाजार भरतो. त्यात कंपन्यांचा थाट नसतो. स्वतः संगीत करणारे लहान लहान गट एकेक मेज मांडून स्वतः काढलेल्या सीडी विकतात. ऐकणारा करणाऱ्याच्या हातून ती घेतो. वेष्टनावर गाण्यांची यादी असते. कोणता तुकडा कुणी रचला, मूळ धून कुणाची, चित्र कुणाचे, हे छापलेले असते. संख्येने थोडे असलेले अनुयायी याद्या करतात, संग्रह जपतात, कोण कुणाकडे शिकला हे सांगू शकतात. तेथे उसनवारी होत नाही असे नव्हे. चित्रकथांतले आवाज सर्रास परवानगीवाचून उचललेले असतात. पण करणारा नि ऐकणारा यांच्यामध्ये नाव लिहिण्याची एक शिस्त आहे. तिच्या आधाराने हा लहानसा समाज स्वतःचा इतिहास स्वतः सांभाळतो. मोठ्यांच्या मान्यतेसाठी तो थांबून राहिलेला नाही.

अशी माणसे एकत्र नांदत असली की कायद्याशी झगडणेही शक्य होते. जपानात १९४८ च्या एका कायद्यान्वये लोकांना नाचू देणाऱ्या जागेला खास परवाना लागे आणि मध्यरात्रीनंतर नाच बंद करावा लागे. अनेक वर्षे तो कागदावरच होता. २०१० साली ओसाकात क्लबमधील मारामारीनंतर एक विद्यार्थी मरण पावला आणि धाडी सुरू झाल्या. एप्रिल २०१२ मध्ये तेथील ‘नून’ या क्लबवर धाड पडली, मालकावर खटला झाला. मग नाचणारे, वाजवणारे, वकील एकत्र आले. रयुइची साकामोतो या ख्यातनाम संगीतकाराने पाठिंबा दिला. दीड लाखांहून अधिक सह्या संसदेकडे गेल्या. २०१४ साली मालक निर्दोष सुटला; २०१५ साली कायदा बदलला आणि २०१६ च्या जूनपासून नवा अमलात आला. इंग्लंडात याच्या उलट झाले. तेथे १९९४ च्या फौजदारी कायद्याने मोकळ्या मैदानांवरचे असे नाच मोडून काढताना, एकामागून एक सारखे पडणारे ठोके हेच त्या संगीताचे लक्षण म्हणून कलमात लिहिले. सत्तेला ठोक्याची भीती वाटते, ती अशी.

जपानचीच आणखी एक गोष्ट आपल्या अधिक जवळची आहे. तेथे बुराकू नावाचा समाज आहे. कातडे कमावणे, मेलेल्या जनावरांची विल्हेवाट लावणे ही कामे त्यांच्या पूर्वजांकडे होती, आणि त्यामुळे त्यांना अस्पृश्य लेखले गेले. १८७१ च्या फर्मानाने ते कायद्याने मुक्त झाले, प्रत्यक्षात झाले नाहीत. म्हणून १९२२ साली क्योटोत त्यांनी सुइहेइशा ही आपली संघटना उभारली. ओसाकातील नानिवा ही त्यांची वस्ती मोठमोठे ढोल बनवण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध. देवळांत, उत्सवांत ते ढोल सन्मानाने वाजत. चामडे ताणणारे हात मात्र विटाळाचे ठरत. १९८७ साली नानिवाच्या तरुणांनी ‘इकारी’ म्हणजे ‘संताप’ या नावाचे ढोलपथक काढले. बनवणाऱ्यांनी वाजवायला घेतले आणि आपले नाव सांगून वाजवायला घेतले, हा त्यातला अर्थ.

आपल्या हलगीची कथा याच्याशी ताडून पाहावी. तेथे बनवणाऱ्याला वाजवण्याचा मान नव्हता; येथे वाजवणे हीच सक्ती होती. देवाची पालखी, पाटलाच्या घरचे लग्न, गावची दवंडी, मढे, सगळीकडे मांग-महारांनी हलगी शेकून हजर राहायचे आणि मिळेल ते शिळेपाके घ्यायचे. वाजवणारा पुढे चालायचा, पण देवळाच्या पायरीशी थांबायचा. म्हणूनच बाबासाहेबांच्या चळवळीत गावकीची कामे सोडताना ठिकठिकाणी वाजवणेही सोडले गेले आणि त्यापायी बहिष्कार सोसले गेले. तो नकार योग्यच होता. पण नकार त्या वेठीला होता. तालाशी आपले वैर कधीच नव्हते. कामतघरचा पोरगा संगणकात हलगी घालतो तेव्हा त्याला कुणी बोलावणे धाडलेले नसते, पायरीशी कुणी थांबवत नाही, आणि मिरवणूक त्याच्या स्वतःच्या मुक्तिदात्याची असते. सक्तीतून सुटलेला ताल स्वेच्छेने परत आला आहे. हे परिवर्तन क्षुल्लक समजणे मोठी चूक ठरेल.

परंतु येथेच खरी उणीव दिसते. मिक्सच्या आरंभी, मध्ये आणि शेवटी एका आवाजात डीजेचे नाव पुन्हा पुन्हा उच्चारले जाते. गायकाचे नाव क्वचित येते. गीत लिहिणाऱ्याचे नाव जवळजवळ कधीच नाही. वामनदादा कर्डक १९२२ साली सिन्नर तालुक्यातील देशवंडीत जन्मले; मोठेपणी अक्षरे शिकले; आयुष्यभर गावोगाव गात हिंडले आणि २००४ साली गेले. त्यांची गीते हजारो तोंडांत आहेत. आज त्यांच्याच शब्दांवर नाचणाऱ्या मुलाला विचारले, हे कुणाचे? तर तो मिक्स करणाऱ्याचे नाव सांगतो. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचा आवाज तो ओळखतो. पण त्या आवाजाला शब्द पुरवणारी, शाहिरी करता करता मेलेली कितीतरी माणसे पार अनाम झाली. ज्यांची नावे गावाने कधी नीट उच्चारली नाहीत अशा लोकांची आपण मुले. आपणच आपल्या कवींना बिननावी करावे, ही विसंगती आहे.

यात फक्त भावनेचा प्रश्न नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे ५७ वे कलम सांगते की, लेखकाने हक्क विकून टाकले तरी ही कृती माझी आहे असे सांगण्याचा अधिकार त्याच्याकडे राहतो. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांच्या मानधनाच्या वाट्यालाही संरक्षण मिळाले. पण ज्याचे नावच नोंदलेले नाही त्याच्या वारसाने कोणत्या आधारावर दाद मागावी? उलट उदाहरणही आपल्याच घरात आहे. आंबेडकरी जलशांविषयी आज जे ठामपणे सांगता येते, त्याचा मोठा भाग भीमराव कर्डकांमुळे. जलसा स्वतः गाजवलेल्या या माणसाने १९७८ साली ‘आंबेडकरी जलसे’ हे पुस्तक लिहून ठेवले. विद्यापीठांनी विचारण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. म्हणून जलसा इतिहासात आला. त्यानंतरच्या कॅसेटच्या काळाची अशी वही कुणी ठेवली? आणि डीजेच्या काळाची कोण ठेवणार?

कानाविषयीही बोललेच पाहिजे, कारण ते शरीर आपले आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद. हे आकडे मिरवणुकीच्या दिवशी मोठ्या तत्परतेने आठवतात. पण यंत्रमागाच्या शेडमध्ये आवाज सहज नव्वदच्या वर असतो आणि तेथे बारा बारा तासांची पाळी चालते. कारखान्यांसाठी आठ तासांना ९० डेसिबल ही मर्यादा कायद्यात आहे. ती मोजायला यंत्र घेऊन कुणी येताना सहसा दिसत नाही. मागावर बहिरा होणारा कान कुणाच्या शांततेचा भंग करीत नाही, म्हणून तो दखलपात्र नसावा. हा दुटप्पीपणा उघड बोलला पाहिजे. मात्र तो बोलून झाल्यावर आपली जबाबदारी संपत नाही. डेसिबलचे गणित सरळ नाही. तीन डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. ८५ डेसिबल आठ तास सोसणारा कान याच हिशेबाने १०० डेसिबल पंधरा मिनिटेच सोसतो. ट्रकवर खोक्यांशेजारी सहा तास उभा राहणारा मदतनीस बहुधा दिवसा मागावर किंवा गोदामात राबणारा आपलाच पोरगा असतो. त्याच्या कानात दोन बोंडे असावीत, तासाला पाळी बदलावी, आणि चाळीतल्या तान्ह्या मुलांच्या, म्हाताऱ्यांच्या दारासमोर बेस उतरवावा, एवढे मंडळाच्या बैठकीत ठरवणे कठीण नाही. ट्रकमागच्या गर्दीत बायाबापड्यांना निर्धास्त नाचता येते का, हाही प्रश्न त्याच बैठकीतला आहे. जयंती त्यांचीही आहे.

तेव्हा करायचे काय? बंदी मागणे सोपे, डोळे मिटून समर्थन करणेही सोपे. आपल्याला तिसरे काम आहे. ते थोडे कंटाळवाणे आहे: वही घालणे. प्रत्येक जयंती मंडळाने एक वही ठेवावी. मिरवणुकीत वाजलेले प्रत्येक गाणे तिच्यात लिहावे: गीत कुणाचे, चाल कुणाची, गायक कोण, मूळ ध्वनिमुद्रण कोणत्या साली, मिक्स कुणी केला, हलगी प्रत्यक्ष वाजवली असल्यास वाजवणारा कोण. डीजेने आपले नाव जरूर घ्यावे; त्याच दमात गीतकाराचेही घ्यावे. दोन शब्दांना फार तर दोन सेकंद लागतात, ठोका चुकत नाही. ज्या गाण्याचा कवी सापडत नाही त्याच्यापुढे जागा कोरी सोडावी आणि जुन्या शाहिरांना, त्यांच्या घरच्यांना विचारून ती भरावी. महाविद्यालयांतील मराठीच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय लागतातच. त्यांना या वह्या हाती द्याव्यात. जपानातील मूठभर लोक आपल्या कडक संगीतासाठी जेवढे करतात, तेवढे लाखांच्या संख्येने रस्त्यावर उतरणाऱ्या समाजाला अशक्य नाही.

कामतघरच्या मुलांना यादी करायला अडचण येणार नाही. कोणत्या साऊंडला किती बेस, कोणता मिक्स कोणत्या वर्षीचा, हे त्यांना आजच तोंडपाठ आहे. त्या पाठांतरात कवीच्या नावाचा एक रकाना वाढवायचा आहे.